तुमचे प्रश्न: कपाटातली हेल्मेटं आणि आई-आप्पा

मागच्या दिवाळी अंकात मी आमच्या २०२४ च्या फॉलबद्दल लिहिलं होतं. आम्ही दोघं नवरा-बायको रॉचेस्टरला राहतो, न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या टोकाला, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर आमची २००१ ची माझदा मिआटा घेऊन रविवारी हौशी रेसिंगला जातो, त्यात त्या वर्षी तासगावहून सासू-सासरे, म्हणजे आई-आप्पा, आले होते, मधे न्यू जर्सीतल्या एडिसनची नणंद पोरांना घेऊन आठवडाभर राहून गेली आणि शेवटी थँक्सगिव्हिंगला आम्ही सगळे तिच्याकडे. त्या लेखावर इतक्या मेल आल्या की संपादक म्हणाले आता सरळ प्रश्नोत्तरंच करा. सगळ्यांना जागा पुरणार नाही, जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत, आणि एका प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिलीय.

ताई, रेसिंग म्हणता आणि पार्किंग लॉटमध्ये चालवतो असंही लिहिता, मग नक्की असतं काय? आणि एका गाडीत दोघं कसे? भांडणं होत नाहीत का? (ठाणे)

हे आधी सांगते कारण पुढच्या सगळ्या उत्तरांना याचा आधार आहे. आम्ही बहुतेक करून ऑटोक्रॉस करतो. मोठी मोकळी डांबरी जागा, म्हणजे कॉलेजचं पार्किंग किंवा विमानतळाचा न वापरातला तुकडा, तिथे पहाटे नारिंगी कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात. दर वेळी नवा रस्ता, त्यामुळे आधी कोणीच तो चालवलेला नसतो, सगळे जण तो दोन-तीनदा पायी फिरून पाठ करतात. मग पाळीपाळीने एकेकाने जायचं, वेळ घड्याळाशी, शेजारून कोणी पळत नाही. एक फेरी साधारण चाळीस सेकंद ते मिनिट, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेली. कोन पाडला तर २ सेकंद दंड, गेट, म्हणजे दोन कोनांमधली वाट, चुकलं तर फेरी बाद. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती खडूने चौकोन आखलेला असतो, धक्का लागून कोन सरकला पण उभाय आणि चौकोनाला थोडा तरी टेकलाय तर माफ, आडवा झाला किंवा पूर्ण बाहेर गेला की दोन सेकंद गेले. आमची गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गियरमध्येच असते, ताशी १०० किमीच्या वर क्वचितच. अमेरिकेत हे चालवणारी मोठी संस्था म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, १९४४ सालची, ते याला सोलो म्हणतात आणि सप्टेंबरात नेब्रास्कातल्या लिंकनला जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर त्यांची राष्ट्रीय स्पर्धा होते. आम्ही तिथवर अजून गेलेलो नाही, रॉचेस्टरहून जाऊन येऊन चार दिवस नुसत्या प्रवासाचे आहेत. आणि एक सांगायचं राहिलं, प्रत्येकाने अर्धा दिवस चालवायचं आणि अर्धा दिवस कोर्सवर उभं राहून पडलेले कोन उचलायचे, डॉक्टर असो की प्रोफेसर, सगळ्यांना हे काम आहेच.

एका गाडीत दोघं हा तर अगदी रूढ प्रकार आहे. नवऱ्याचा नंबर ४७, माझा १४७, म्हणजे तो उतरला की दारावर ४७ च्या आधी १ चा मॅग्नेट चिकटवायचा की गाडी माझी झाली. तो पाच फूट अकरा, मी पाच फूट दोन, त्यामुळे सीट पुढे ओढायची, आरसा, बेल्ट, हेल्मेट, आणि हे सगळं दोन-तीन मिनिटांत. सीट सरकते त्या पट्टीवर मी निळ्या टेपची खूण करून ठेवलीय, अंधारात हात लावला तरी कळते.

खरा वाद असतो आधी कोणी जायचं याचा. उन्हाळ्यात टायर तापून मऊ पडतात म्हणून पहिला फायद्यात, दुसऱ्यासाठी फेऱ्यांच्या मधे फवारणीच्या पंपाने टायरवर पाणी मारावं लागतं. फॉलमध्ये उलटं, सकाळी सहा-सात डिग्री असताना पहिल्या माणसाला गार टायर मिळतात आणि दुसऱ्याला तापवलेले आयते. म्हणून आम्ही एक रविवार तो आधी, एक रविवार मी आधी असं ठरवून टाकलंय. आणि दुसरा नियम, हेल्मेट डोक्यावर आहे तोवर विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. हा नियम आम्हाला फार उशिरा सुचला, त्याच्या आधीच्या वर्षी दोन-तीन रविवार घरी येताना गाडीत कोणी कोणाशी बोललेलं नाही.

आम्ही दोघं मागच्या वर्षीपासून ऑटोक्रॉस करतो. पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत सहा महिन्यांसाठी. नवरा म्हणतो त्यांना काही सांगू नको, उगाच घाबरतील, आपण ते महिने बंद ठेवू. तुमच्याकडे काय केलंत? (डेट्रॉइटजवळ)

सांगा. आणि त्या विमानात बसायच्या आधी सांगा, इथे आल्यावर नाही.

आम्ही पहिली दोन वर्षं लपवलं. रविवारी सकाळी तासगावला व्हिडिओ कॉल असायचा, तेव्हा आम्ही कुठेतरी पॅडॉकमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या गाड्या उभ्या करतात तिथे, मागे गाड्यांचे आवाज, आणि आम्ही सांगायचो सर्व्हिसिंगला आलोय. दर दोन आठवड्यांनी सर्व्हिसिंग. २०२२ च्या फॉलला सासूबाई महिनाभर एकट्याच आल्या, कारण आप्पांना सप्टेंबर-ऑक्टोबरात बाग सोडता येत नाही, आमच्याकडे तेव्हा द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी असते आणि ती चुकली की वर्ष गेलं. थंडी सुरू झाली म्हणून आई वरच्या कपाटात पांघरूण शोधत होत्या आणि मागे ठेवलेली आमची दोन हेल्मेटं त्यांच्या हाताला लागली. त्या काहीच बोलल्या नाहीत. परत जागेवर ठेवली, कपाट लावलं, स्वयंपाक केला. चौथ्या दिवशी रात्री जेवताना मुलाला विचारलं, "मोटरसायकल घेतलीस का रे?"

त्यांचा धाकटा भाऊ मोटरसायकलवर गेलाय, बत्तीस वर्षांचा असताना, कवठेमहांकाळच्या रस्त्याला. हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आणि तीन रात्री ती बाई आमच्या शेजारच्या खोलीत जागी होती आणि आम्ही आत लॅपटॉपवर पुढच्या रविवारचा फॉर्म भरत होतो. मी आजही हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. आपण त्यांना भीती वाटू नये म्हणून लपवतो पण त्यांच्या मनात जे चित्र तयार होतं ते खऱ्यापेक्षा कितीतरी भयंकर असतं, कारण खरं काय ते त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून २०२४ ला दोघं यायचे होते तेव्हा (धाकट्या दिरांनी छाटणी अंगावर घेतली, आप्पा पहिल्यांदाच फॉलमध्ये निघाले) आम्ही जूनमध्येच एक पूर्ण फेरीचा व्हिडिओ पाठवला, पडलेल्या कोनासकट, आणि वर सगळं फोनवर नीट सांगितलं. आप्पांनी व्हिडिओ चार वेळा बघितला आणि म्हणाले, "म्हणजे ही घाटातली बारी आहे की गं." जे पुण्याकडचे आहेत त्यांना लगेच कळेल, खेड-जुन्नरकडे बैलगाडा घाटात एकेकटा पळतो आणि सेकंद मोजतात, त्याला बारी म्हणतात, आणि आमच्या सांगली-साताऱ्याकडे मात्र पाच-सहा गाड्या शेजारी शेजारी एकदम सुटतात. ऑटोक्रॉस आणि खऱ्या रेसमधला फरक मला इतका नेमका कधीच सांगता आला नव्हता, तो त्यांनी एका वाक्यात सांगितला. बैलगाडा शर्यत बंद होती ती वर्षं त्यांनी फार मनाला लावून घेतली होती, मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला त्या दिवशी त्यांनी आम्हाला इथे रात्री तीनला फोन करून उठवलं होतं. तर शर्यत म्हणजे काय हे या घराला मी शिकवायचं कारणच नव्हतं.

त्या वर्षी दसरा शनिवारी होता, १२ ऑक्टोबरला, आणि रविवारी आमचा इव्हेंट. आईंनी मिआटाची पूजा केली. मागच्या डेकवर कुंडीत मी झेंडू लावला होता, थंडीने पानं काळवंडत आली होती पण फुलं होती, ती सगळी खुडून त्यांनी दोऱ्यात ओवून पुढच्या बंपरला माळ बांधली, बॉनेटवर हळदकुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू, नारळ फोडून ते पाणी चारही टायरवर.

आता सकाळी टेक इन्स्पेक्शन असतं. तिथे एक जण गाडी तपासतो, चाक हलवून बेअरिंग बघतो, नट घट्ट आहेत का, बॅटरी बांधलेली आहे का, ब्रेकचा पेडल कडक आहे का, हेल्मेटच्या आतला स्टिकर, आणि मुख्य म्हणजे गाडीत एकही सुटी वस्तू नको, पायातली मॅटसुद्धा नको, कारण वळणावर ती पेडलखाली जाऊ शकते. डॅशबोर्डवरचा गणपती आम्ही दर वेळी काढतोच. त्या दिवशी तपासणारे साठीचे गृहस्थ होते, त्यांनी स्वस्तिकाबद्दल विचारलं, मी सांगितलं की हा आमच्याकडे वाहनाच्या पूजेचा दिवस, ते म्हणाले ते राहू दे, पण माळ काढावी लागेल, फुलं कोर्सवर पडली तर मागच्या गाडीचं चाक त्यावरून घसरेल. मी आईंकडे बघितलं, मला वाटलं आता अपशकुन वगैरे मनात येईल. आईंना अर्ध समजलं होतं, अर्ध मी सांगितलं, त्यांनी स्वतः वाकून गाठ सोडली, माळ गणपतीला घातली आणि तो गणपती एका स्टीलच्या डब्यात ठेवून दिवसभर मांडीवर घेऊन घडीच्या खुर्चीत बसल्या. आप्पा बागेच्या डायरीत, जिच्यात फवारण्यांच्या तारखा असतात, आमच्या वेळा लिहीत होते. माझी चौथी फेरी ४६.२१८, त्याची ४६.५०३ अधिक एक कोन. ती डायरी आता तासगावला आहे.

एक गोष्ट मात्र आम्ही केली नाही, आईंना शेजारी बसवून फेरी मारली नाही. क्लब बसू देतो, हेल्मेट घालून आणि कागदावर सही करून. पण त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सच्या कागदात मोटरस्पोर्ट वगळलेलं होतं, तसं बहुतेक पॉलिसीत असतं, आणि इथल्या हॉस्पिटलचं बिल काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. आई त्यावरून दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांना बसायचं होतं. तुम्हीही आधी पॉलिसी वाचा आणि मगच त्यांना आशा दाखवा.

माझी मुलगी पेनसिल्व्हेनियात असते, ती आता ट्रॅक डेला जाते म्हणते. तुम्ही कोन वगैरेचं गोड लिहिता पण ट्रॅक म्हणजे ट्रॅक. हा जिवाशी खेळ नाही का? खरं सांगा. (सोलापूर)

काका, खरंच सांगते. ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डे यात फरक आहे आणि तुमची काळजी अस्थानी नाही.

आमच्याकडून दीड-पावणेदोन तासांवर वॉटकिन्स ग्लेन आहे, सेनेका तलावाच्या दक्षिण टोकाला. तिथली पहिली रेस २ ऑक्टोबर १९४८ ला झाली, कॅमेरॉन आर्गेटसिंगर नावाच्या कॉर्नेलच्या लॉच्या विद्यार्थ्याच्या डोक्यातून निघालेली, गावातल्या साध्या रस्त्यांवर, ६.६ मैलांची फेरी, कोर्टाच्या इमारतीसमोरून सुरू होऊन डोंगरावर चढून परत गावात. ते सगळे हौशीच होते, स्वतःच्या गाड्या घेऊन आलेले. लोक रस्त्याच्या कडेला फुटपाथवर उभे राहून बघायचे. आणि १९५२ मध्ये गाडी गर्दीला घासली आणि सात वर्षांचा एक मुलगा गेला. त्यानंतर गावातल्या रेस बंद झाल्या, आधी गावाबाहेरच्या रस्त्यांवर आणि मग १९५६ मध्ये बंदिस्त ट्रॅक बांधला. तिथेच १९६१ ते १९८० फॉर्म्युला वनची अमेरिकेची रेस होत होती, बहुतेक ऑक्टोबरात, झाडं लाल-पिवळी झालेली असताना. १९९१ ला मागच्या लांब सरळ रस्त्याच्या शेवटी एका ड्रायव्हरचा जीव गेल्यावर पुढच्या वर्षी तिथे वेग मोडायला मुद्दाम वळणं घातली, त्याला सगळे बस स्टॉप म्हणतात. म्हणजे तुम्ही आज त्या ट्रॅकवर जिथे जिथे ब्रेक लावता त्यातली एक जागा कोणीतरी गेल्यामुळे आहे, मी तिथे ब्रेक लावताना हे विसरत नाही.

आता मुलगी काय करते ते. ट्रॅक डे ही रेस नसते, वेळ मोजत नाहीत, नंबर लावत नाहीत. नवीन माणसाच्या शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो, कानात इंटरकॉम, वीस-पंचवीस मिनिटांचं एक सेशन, दिवसात चार. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ भागात आणि तेही पुढच्याने खिडकीबाहेर हात काढून "जा" म्हटल्यावरच. पण वेग खरा असतो. आमच्यासारखी १.८ लिटरची लहान गाडीसुद्धा ग्लेनच्या चढावर आणि मागच्या सरळ रस्त्यावर ताशी १६०-१७० ला जाते आणि ग्लेनला दोन्ही बाजूंना ते निळे लोखंडी कठडे अगदी जवळ आहेत, चुकलात तर थांबायला मोकळी जागा कमी.

मी स्वतः तिथे गरगरलेय. २०२३ चा ऑक्टोबर, सकाळचं पहिलं सेशन, गारठा, टायर गार, आणि मला ते माहीत असून मी दुसऱ्याच फेरीत आदल्या दिवशी दुपारी जशी चालवली होती तशी चालवली. वळणात ॲक्सिलेटर एकदम सोडला, मागचा भाग पुढे आला, गाडी पूर्ण फिरली आणि कठड्यापासून कारच्या लांबीएवढ्या अंतरावर गवतात उलट्या तोंडाने उभी राहिली. काही झालं नाही. मला आठवतं ते एवढंच की इंजिन बंद पडलेलं, शांतता, आणि काचेसमोर कठड्याचा एक बोल्ट इतका जवळ की त्यावरचा गंज दिसत होता. त्या दिवशी मी परत गाडीत बसले नाही.

तर मुलीला बंद कर म्हणू नका, ती करेलच आणि मग सांगणार नाही. तिला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं नीट ऐका: हेल्मेटवर स्नेलचं एसए मानांकन आहे का (एम म्हणजे मोटरसायकलचं, एसएमध्ये आगीचीही चाचणी असते), ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं, छत उघडणारी गाडी असेल तर रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) आहे का, आणि दमल्यावर शेवटचं सेशन सोडते का. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं आणि मग तापल्यावर लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातो. ज्या मुलीला याचं उत्तर तारखेसह देता येतं तिची काळजी थोडी कमी करायला हरकत नाही. आणि शक्य असेल तर एकदा तिच्याबरोबर जा, तिथल्या कठड्यामागे उभं राहून बघा.

खर्च किती? आणि कारचा इन्शुरन्स चालतो का? (बे एरियातून दोन वाचक)

आम्ही दोघांचे मिळून ऑटोक्रॉसचे एका रविवारचे साधारण १२० डॉलर देतो. ट्रॅक डे त्याच्या कितीतरी पट, म्हणून वर्षातून दोनच. खरा खर्च टायरचा, एक सेट आम्हाला दीड सीझन जातो. पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका, आहे ती गाडी चालते, कॅमरी-सिव्हिक घेऊन लोक येतात, हेल्मेट बहुतेक क्लबकडे उसनं मिळतं.

इन्शुरन्सबद्दल मात्र हात जोडून सांगते, पॉलिसी स्वतः वाचा. आम्हाला एका एजंटने फोनवर सांगितलं होतं की वेळ मोजत नाहीत ना, मग चालतं. आम्ही तेच धरून एक वर्ष ट्रॅकवर गेलो. पुढे रिन्युअलचे कागद वाचले तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, रेसिंगसाठी बांधलेल्या जागेत गाडी चालवताना झालेलं नुकसान वगळलंय, मोजा अगर मोजू नका. फोनवरचं बोलणं कुठे दाखवणार? आता ट्रॅकसाठी त्या दिवसापुरती वेगळी पॉलिसी घेतो, आणि परवडत नसेल त्या वर्षी ट्रॅकला जात नाही.

फॉलमध्ये टायरचं काय करता? (बफेलो)

समर टायर ७ डिग्रीच्या खाली कडक होतात आणि पकड जाते, गोठवणाऱ्या थंडीत तर रबराला चिरा पडू शकतात, त्यामुळे नोव्हेंबरात ते गॅरेजमध्ये उभे न ठेवता आम्ही घरात जिन्याखाली ठेवतो. सकाळच्या पहिल्या फेऱ्या कमी वेगाने. आणि इव्हेंटला जाता-येताना जास्त जपा, ओल्या पानांवर साधी गाडीही सरकते, ऑक्टोबरअखेर आमच्याकडे सूर्य पावणेआठला उगवतो आणि तेव्हा तो नेमका समोर डोळ्यात असतो.

मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे सगळं अमेरिकेतलं झालं. आम्ही काय करायचं? (कोल्हापूर)

अरे तू तर चांगल्या गावात आहेस, कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्यात, सुरुवात तिथूनच कर, गाडीवर ताबा म्हणजे काय ते कार्टमध्ये जितकं लवकर कळतं तितकं कशातच नाही. मोठे ट्रॅक दक्षिणेत, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरचा कारी, आणि दिल्लीकडे बुद्ध सर्किट. देशातल्या मोटरस्पोर्टची शिखर संस्था एफएमएससीआय, लायसन्स त्यांचं लागतं. रॅलीची आवड असेल तर जवळपास होणारी एखादी रॅली बघायला जा, मार्शल म्हणून हात लागतोय का विचार, माणसं ओळखीची होतात ती तिथे.

आणि ज्यांना घरची गाडी घेऊन दोघांनी काहीतरी करायचंय, मला अशा चार-पाच जोडप्यांच्या मेल आल्यात पुणे-मुंबईहून, त्यांनी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली शोधावी. साध्या रस्त्यावर, स्पीड लिमिटच्या आत, ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने जायचं, उशीर झाला तर दंड आणि लवकर पोचलात तरी दंड. एक जण चालवतो, दुसरा गणित करतो. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन बायकांसाठी अशी रॅली घेत आलीय, त्यात सासू-सुना, आजी-नाती अशा टीम असतात.

रस्त्यावर मात्र नाही. घाटात, हायवेवर, रात्री रिंगरोडवर, कुठेच नाही. समोरून येणाऱ्याने कुठल्याही कागदावर सही केलेली नसते.

मनात आलं ते लिहिते, राग मानू नका. आईवडील एवढ्या लांबून येतात आणि तुम्ही रविवार रविवार गाड्या पळवता. त्यांच्यासाठी वेळ कधी काढला? (नाशिक)

राग नाही मानत. हा प्रश्न मी स्वतःला त्या सप्टेंबरात रोज विचारायचे.

आम्ही फ्रिजवर कॅलेंडर लावलं होतं आणि त्यावर आधी गणपती, दसरा, दिवाळी, नणंदेचा आठवडा, आईंची डोळ्यांची तपासणी हे लिहिलं, मग उरलेल्या रविवारात इव्हेंट. सात इव्हेंट होते, आम्ही चार केले. लक्ष्मीपूजनानंतरचा रविवार सोडला, तो नवऱ्याला जड गेला कारण त्याच्या क्लासचा, म्हणजे स्पर्धेतल्या त्याच्या गटाचा, निकाल त्याच दिवशी लागणार होता, आणि त्याने सोडला.

पण तुम्ही विचारताय त्याचं खरं उत्तर वेगळं आहे. ग्लेनला आम्ही शनिवारी गेलो आणि रविवार मोकळा ठेवला, आप्पांना सेनेका तलावाच्या काठच्या द्राक्षबागा दाखवायला. तोडणी चालू होती. आप्पा चाळीस वर्षं द्राक्ष करतायत, पण बर्फ पडणाऱ्या गावात द्राक्ष हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. एका बागेत मालक स्वतः ट्रॅक्टरवर होता, आम्ही विचारलं तर उतरून आला. आप्पा खाली बसले, खोडाच्या बुडाशी हात लावला आणि मला म्हणाले, विचार त्याला, कलमाच्या सांध्यावर माती का ओढतोय. त्याने सांगितलं, इथे युरोपातली नाजूक जात हिवाळ्यात मरते, म्हणून थंडीच्या आधी सांधा मातीने झाकायचा आणि वसंतात परत मोकळा करायचा, जमिनीवरचं सगळं मेलं तरी सांध्यापासून नवा फुटवा येतो. बाजूच्या क्यूका तलावावर कॉन्स्टँटिन फ्रँक यांनी १९६२ च्या सुमाराला ही जात इथे जगते हे दाखवेपर्यंत कोणी मानायलाच तयार नव्हतं म्हणे. आप्पांनी विचारलं खुंट (ज्या मुळावर कलम बांधतात तो) कुठला, डॉगरिज का? तो मालक चकितच झाला, कारण डॉगरिज मूळचा टेक्सासचा, आणि तासगावच्या बागा त्यावर उभ्या आहेत हे त्याला कुठून माहीत असणार. त्याचा खुंट ३३०९ होता, थंडीचा. दीड तास मी मधे बसून भाषांतर करत होते, अर्धे शब्द मला मराठीतच माहीत नव्हते, आप्पांनी ते तिथे शिकवले.

लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा, पण आप्पांबरोबर मी इतका वेळ कधीच बोलले नव्हते. घरी ते टीव्ही बघायचे, मी चहा द्यायचे, झालं. आदल्या दिवशी ट्रॅकवर मी त्यांना गाडीचं सगळं दाखवलं होतं, गरम ब्रेकवर हँडब्रेक का ओढायचा नाही, टायरची हवा परत परत का मोजते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांचं दाखवलं. एकमेकांचं काम बघितल्यावर बोलायला विषय लागला नाही. परत येताना गाडीत आईंनी मागच्या सीटवरून विचारलं की छाटणीचा फोन केलात का धाकट्याला, तर आप्पा विसरले होते, पहिल्यांदाच.

यंदा ते छाटणी स्वतः उरकून येतायत, दिवाळीनंतर. नोव्हेंबरचा शेवटचा इव्हेंट त्यांना मिळेल असं तिकीट काढलंय. आईंनी मोटरस्पोर्ट चालणारी पॉलिसी शोधायला सांगितलीय, एक सापडलीय, महाग आहे, पण घेतोय.